निळा ठिपका म्हणजे चांगलं पाणी?

झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात आम्ही पाणी तपासणीचा आलेख भिंतीवर लावला होता. मुलांनी हातपंपांचे आणि विहिरींचे नमुने आणले होते, फ्लोराइड तपासलं होतं, आकडे मी संगणकात भरले होते. आलेख स्वच्छ आणि सुबक आला होता. एक आजी बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे निये ठिपके म्हंजे चांगलं पानी न जी, मॅडम?”

निळे ठिपके होते लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या हातपंपांचे. म्हणजे ज्यांचं पाणी पिऊच नये, त्यांचे. तो आलेख मी त्याच दिवशी उतरवला. आजींचं काहीच चुकलं नव्हतं. निळं म्हणजे निर्मळ पाणी, हा अर्थ त्यांनी आयुष्यभराच्या पाहण्यातून काढला होता. चूक माझी होती, कारण रंग मी निवडलेच नव्हते. ते संगणकाने दिले होते आणि मी ते तसेच ठेवले होते.

आता जलजीवन मिशनमुळे गावागावांत महिलांना किटने पाणी तपासायला शिकवलं जातं. प्रत्येक गावात पाच जणी, अशी ती योजना आहे. शाळा-महाविद्यालयांत प्रकल्प होतात, ग्रामसभेत आकडे मांडले जातात. पांढरकवडा-झरी भागातल्या भूजलात फ्लोराइड आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवलेलं आहे. मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग आपण डोळ्यांनी बघतो. अशा ठिकाणी आलेखातला रंग चुकला, तर घरात येणारी पाण्याची कळशी चुकीच्या पंपावरून भरली जाते. म्हणून आलेख काढणाऱ्या प्रत्येकाने, मग ती शिक्षिका असो, जलसुरक्षक असो की बी.एस्सी.चा विद्यार्थी, सॉफ्टवेअर ठिपक्याला रंग कसा देतं हे एकदा नीट समजून घ्यावं.

सॉफ्टवेअरला धोका कळत नाही, त्याला फक्त क्रम कळतो. त्याच्याकडे रंगांची एक ठरलेली रांग असते आणि तुमच्या गटांची दुसरी रांग. पहिल्या गटाला पहिला रंग, दुसऱ्याला दुसरा. गटांची रांग कशी लागते, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

माझ्या शीटमध्ये गटांची नावं इंग्रजीत होती: सेफ, मॉडरेट, अनसेफ. आलेख ‘आर’ भाषेतल्या जीजीप्लॉट या पॅकेजने काढला होता. ते मजकुराचे गट वर्णानुक्रमाने लावतं. इंग्रजी वर्णमालेत एम आधी, मग एस, मग यू. तीन गट असले की त्याचे तीन रंग ठरलेले आहेत: फिकट लालसर, हिरवा, निळा. म्हणून मॉडरेट लालसर झालं, सेफ हिरवं आणि अनसेफ निळं. त्यातला हिरवा योगायोगाने बरोबर आला, म्हणून माझी नजर फसली.

घरी येऊन मी नावं मराठीत केली: सुरक्षित, मध्यम, असुरक्षित. आता ‘अ’ पहिला, मग ‘म’, मग ‘स’. असुरक्षित लालसर झालं, वाटलं काम झालं. पण मध्यम हिरवं झालं होतं आणि सुरक्षित निळं. हिरवं बघून कुणीही निर्धास्त भरेल अशा जागी आता काठावरचं पाणी होतं. आकडे तेच, विहिरी त्याच. बदलली होती फक्त भाषा.

गावांच्या नावांचंही असंच होतं. अडेगाव, झरी, पाटण, माथार्जुन, मुकुटबन, शिबला ही सहा नावं देवनागरीत लिहिली तर झरी दुसऱ्या क्रमांकावर येते आणि जीजीप्लॉट तिला मोहरीसारखा पिवळट रंग देतं. हीच नावं इंग्रजीत लिहिली की झरीचा झेड थेट शेवटी जातो आणि झरी गुलाबी होते. एका कर्मचाऱ्याने मराठीत आणि दुसऱ्याने इंग्रजीत आलेख काढला, तर दोन आलेखांत एकाच गावाचे दोन रंग दिसतील. दोघांपैकी कुणीही चुकलेलं नसेल.

त्याहून घातक गोष्ट गट कमी-जास्त झाल्यावर होते. जीजीप्लॉट रंगचक्राचे समान भाग करतं. तीन गट असले तर तीन भाग, दोन असले तर दोन. समजा, उन्हाळ्यात तिन्ही गटांतले स्रोत सापडले आणि पावसाळ्यानंतरच्या फेरीत असुरक्षित एकही निघाला नाही. तर दुसऱ्या आलेखात मध्यम लालसर होईल आणि सुरक्षित निळसर-हिरवं. उन्हाळ्यात लालसर म्हणजे ‘पिऊ नका’ होतं, हिवाळ्यात तोच रंग ‘काठावर’ असं सांगतो. दोन्ही आलेख शेजारी लावले तर माणसं नेमका उलटा निष्कर्ष काढतील.

एक्सेलचा स्वभाव वेगळा आहे. तिथे रंग गटाच्या नावावर ठरत नाही, स्तंभाच्या क्रमावर ठरतो. पहिल्या मालिकेला निळा, दुसऱ्या मालिकेला नारिंगी, तिसरीला राखाडी ही बरीच वर्षं नेहमीची असलेली थीम तुम्ही पाहिली असेल. थीममध्ये असे सहा रंग असतात, पुढे त्यांच्याच गडद-फिकट छटा येतात. एका स्तंभात सगळे आकडे आणि शेजारच्या स्तंभात गट, अशी मांडणी केली तर एक्सेल सगळे ठिपके एकाच रंगाचे काढतं. गटवार रंग हवे असतील तर प्रत्येक गटाला वेगळा स्तंभ करावा लागतो. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबच्या रांगेत २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून दहा रंग आहेत, ‘आर’च्या मूळ पॅलेटमध्ये आठ. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे ‘आर’मध्ये नववं गाव आणि मॅटप्लॉटलिबमध्ये अकरावं गाव पहिल्या गावाच्याच रंगात येतं. आणि क्यूजीआयएसमध्ये नवा थर उघडला की त्याला कुठलाही एक रंग यदृच्छेने मिळतो. आज जांभळा, उद्या पोपटी.

आकारांचं गणित याहून कडक आहे. जीजीप्लॉट आपणहून सहाच आकार देतं. सातवा गट आला तर एक सूचना छापतं आणि त्या गटाचे ठिपके आलेखात काढतच नाही. सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येते, घाईत कुणी वाचत नाही, आणि एक अख्खं गाव आलेखातून गायब होतं. ज्या गावाचं पाणी खराब आहे तेच सातवं असलं तर? म्हणून गावं दाखवायला आकार वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गावाचं नाव ठिपक्याशेजारी लिहा किंवा प्रत्येक गावाचा छोटा वेगळा आलेख काढा.

एक्सेलच्या २००७ आणि २०१० या आवृत्त्यांत पहिली मालिका शंकरपाळ्याच्या आकाराची, दुसरी चौकोनी, तिसरी त्रिकोणी अशी आपोआप येत असे. २०१३ पासून सगळे ठिपके गोलच येतात, फरक फक्त रंगाचा. लिबरऑफिस कॅल्क मात्र अजूनही आकार आपणहून बदलत जातं. हा फरक बारीक वाटेल, पण आपल्याकडे आलेखाचा शेवटचा मुक्काम झेरॉक्सच्या दुकानात असतो.

झेरॉक्समध्ये काय होतं ते आकड्यांत पाहू. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन मात्रांनी बनतो, प्रत्येक मात्रा ० ते २५५. त्याची राखाडी छटा काढायचं रूढ सूत्र असं: लालच्या मात्रेला ०.२९९ ने गुणा, हिरव्याच्या ०.५८७ ने, निळ्याच्या ०.११४ ने आणि बेरीज करा. झगझगीत लाल म्हणजे २५५, ०, ०. त्याची बेरीज ७६. नेहमीचा हिरवा म्हणजे ०, १२८, ०. त्याची बेरीज ७५. एका अंकाचा फरक! पडद्यावर एकमेकांच्या विरुद्ध दिसणारे हे दोन रंग कागदावर एकाच राखाडीत उतरतात. ग्रामसभेत वाटलेल्या प्रतीत पिण्याचा पंप आणि न पिण्याचा पंप सारखाच.

ज्यांना लाल-हिरवा फरक जन्मतः कमी दिसतो त्यांनाही आपला रंगीत आलेख असाच अडवतो. हा दोष पुरुषांमध्ये बराच जास्त असतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के. आपल्या ग्रामसभेत समोर बसलेल्यांतही असा एखादा असू शकतो आणि कदाचित त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

मग रंग कोणते घ्यावेत? इथे मी बराच काळ अडले होते. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी रंगांधांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग सुचवले आहेत आणि जगभर ते वापरले जातात. त्यातला निळा आणि शेंदरी ही जोडी शास्त्रीयदृष्ट्या उत्तम. पण आपल्या लोकांच्या मनात पाण्याचे रंग आधीच ठरलेले आहेत. पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात, हे आपल्या सरपंचांना पाठ आहे. बांगलादेशात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ५० लाख नळकूप आर्सेनिकसाठी तपासले गेले. दूषित निघाले त्यांची तोंडं लाल रंगवली, चांगल्यांची हिरवी. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळलं. ही भाषा मोडायची नाही, असं मी ठरवलं. हिरवा-पिवळा-लाल ठेवायचा, पण छटा निवडून घ्यायच्या.

लाल-हिरव्याचा अर्थ सगळीकडे सारखाच असतो असंही नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण आठवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तिथे निळा म्हणजे मध्यम विषारी. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हापासून हा त्रिकोण मी वर्गात दरवर्षी शिकवते. आणि फ्लोराइडच्या किटमधली एक प्रचलित रासायनिक पद्धत घ्या, झिर्कोनियम आणि लाल रंगद्रव्याची. तिच्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका गुलाबी-लाल रंग फिका होत पिवळ्याकडे जातो. म्हणजे नळीत गुलाबी चांगलं, पिवळं वाईट. जी ताई सकाळी नळी बघते तीच संध्याकाळी आलेख बघणार असते. म्हणून आलेखाखाली मी एक ओळ नेहमी लिहिते: ‘हे रंग किटमधल्या नळीचे नाहीत.’

माझे ठरलेले रंग आणि आकार सांगते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत: भरीव गोल, निळसर हिरवा, मात्रा ०, १५८, ११५. एकच्या वर ते दीडपर्यंत: त्रिकोण, पिवळा, मात्रा २४०, २२८, ६६, भोवती काळी कड. दीडच्या वर: जाड फुली, गडद लाल, मात्रा १५०, ०, ०. वरच्या सूत्राने यांच्या राखाडी छटा अनुक्रमे सुमारे १०६, २१३ आणि ४५ येतात, म्हणजे झेरॉक्समध्येही तिन्ही वेगळ्या. पिवळ्याला कड दिली नाही तर पांढऱ्या कागदावर तो दिसतच नाही. ‘आर’मध्ये कड आणि आतला भाग वेगळा रंगवता येतो असे आकार २१ ते २५ क्रमांकांचे आहेत. आणि फुली मुद्दाम निवडली आहे. आपल्याकडच्या पोडांवर, म्हणजे कोलाम वस्त्यांवर, घरात कोलामी बोलणारी आणि मराठी अक्षरं न लावता येणारी वडीलधारी माणसं आहेत. फुली म्हणजे नको, हे त्यांना सांगावं लागत नाही.

१ आणि १.५ या मर्यादा माझ्या मनाच्या नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा. आलेखातले गट या आकड्यांवरच पाडा. क्यूजीआयएसमध्ये गट पाडण्याच्या तयार पद्धती असतात. त्यातली ‘समान संख्या’ ही पद्धत प्रत्येक गटात सारखेच स्रोत टाकते. तुमचे सगळे पंप चांगले असले तरी एक गट सर्वांत गडद लाल होईल, आणि सगळे खराब असले तरी एक गट फिकट राहील. नकाशा सुंदर दिसेल आणि खोटं बोलेल. सीमा हाताने १ आणि १.५ अशा टाका.

रंग कायमचा बांधायचा कसा? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि रंग यांची जोडी लिहून देण्याची सोय आहे. जीजीप्लॉटमध्ये ‘स्केल कलर मॅन्युअल’मध्ये गटाचं नाव लिहून त्याला रंग द्या, फक्त रंगांची यादी दिली तर रंग पुन्हा क्रमानेच वाटले जातील. आकारासाठी ‘स्केल शेप मॅन्युअल’. पायथनच्या सीबॉर्नमध्ये पॅलेट म्हणून यादीऐवजी डिक्शनरी द्या. क्यूजीआयएसमध्ये गटवार शैली एकदा बनवून फाइल म्हणून जतन करा आणि दरवर्षी नव्या थराला तीच लावा. एक्सेलमध्ये आलेख टेम्पलेट म्हणून जतन करता येतो, पण टेम्पलेट नाव लक्षात ठेवत नाही, मालिकेचा क्रम लक्षात ठेवतं. म्हणून तीनही स्तंभ कायम ठेवा, यंदा असुरक्षित एकही नसला तरी रिकामा स्तंभ काढू नका. नावाआधी १, २, ३ लावून क्रम पक्का करायची युक्ती अनेक जण वापरतात. तिने क्रम पक्का होतो, रंग होत नाही. जीजीप्लॉट पहिल्याला, म्हणजे आता सुरक्षितला, लालसरच देईल.

हे सगळं करूनही एक दिवस आलेखात ‘झरी’ दोन रंगांत दिसेल. शीट नीट बघा. एका ओळीत ‘झरी’, दुसरीत ‘झरी’ आणि पुढे एक न दिसणारी मोकळी जागा, तिसरीत ‘झरी जामणी’, चौथीत ‘झरीजामणी’. आपल्याला एकच ठिकाण, संगणकाला चार. देवनागरीत आणखी एक अडचण आहे: जोडाक्षरांत काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालतात, त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असतात. उपाय सोपा आहे. गावाचं आणि गटाचं नाव टाइपच करू देऊ नका. डेटा व्हॅलिडेशनने यादी बनवा आणि त्यातूनच निवडायला लावा. आकड्यांच्या रकान्यात देवनागरी अंक लिहू नका, कारण ते अनेकदा मजकूर समजले जातात.

आणि मजकुराचा प्रश्न फार गंभीर आहे. किट संपलं, नमुना सांडला, म्हणून कुणी आकड्याच्या जागी ‘तपासणी नाही’ लिहिलं, तर एक्सेल तो मजकूर आलेखात शून्य म्हणून काढतं. शून्य फ्लोराइड! न तपासलेला पंप गावातला सर्वांत शुद्ध पंप ठरतो. ती जागा रिकामी ठेवा किंवा एक्सेलचं ‘एनए’ सूत्र टाका, आणि न तपासलेल्या स्रोतांसाठी पोकळ राखाडी चौकोन असा चौथा गट ठेवा. आपल्याला काय माहीत नाही तेही गावाला दिसलं पाहिजे.

ठिपके एकमेकांवर चढतात, तेव्हा शेवटी काढलेला वर राहतो. एकाच पाड्यावर तीन स्रोत जवळजवळ असतील तर हिरव्या गोलाखाली लाल फुली झाकली जाऊ शकते. म्हणून असुरक्षित गट शेवटी काढायला लावा. एक्सेलमध्ये तो शेवटचा स्तंभ असू द्या, जीजीप्लॉटमध्ये ओळी त्या क्रमाने लावा.

गटांऐवजी फिकट ते गडद असा सलग रंग वापरावा का, असं विद्यार्थी विचारतात. नकाशावर एकूण कल दाखवायला तो चालतो, त्यातही इंद्रधनुष्याचे रंग टाळून मॅटप्लॉटलिबचा व्हिरिडिस घ्यावा, कारण त्याचा उजळपणा एकसारखा चढत जातो. पण एखाद्याच बोअरचा आकडा ८ आला की सगळा रंगपट्टा त्याच्यासाठी ताणला जातो, आणि १.२ व १.८ हे ठिपके एकाच छटेत बुडतात. आपल्याला तर नेमका तोच फरक दाखवायचा असतो.

खरं म्हणजे फ्लोराइड किती हे सांगायला रंगावर विसंबूच नये. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलं की माणसाचा डोळा जागा अचूक वाचतो, रंगाची छटा सर्वांत कमी. म्हणून फ्लोराइड उभ्या अक्षावर घ्या आणि १.५ वर एक जाड आडवी रेघ मारा. रेघेच्या वर ते नको. आडव्या अक्षावर बोअरची खोली घेतली तर उथळ विहिरी आणि खोल बोअर यांतला फरकही त्याच चित्रात दिसतो, आणि पर्यायी स्रोत कुठे शोधायचा याची चर्चा तिथेच सुरू होते.

दुसऱ्यांदा आलेख लावला तेव्हा मी मुलांना तो आधी झेरॉक्स करून आणायला सांगितला. ती काळी-पांढरी प्रत घेऊन आम्ही त्याच आजींकडे गेलो. मी काही बोलले नाही. त्यांनी फुल्यांवर बोट ठेवत ठेवत कुठल्या पंपाचं पाणी नको ते सांगितलं, आणि मग विचारलं, “उकयून घेतलं त चालते का जी?” उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं, हे मी त्यांना सांगितलं. आता ते वाक्य आलेखाखाली, फुलीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.